अर्धी लोकर

सुन्नेवानं हेडफोन टेबलावर ठेवले तेव्हा
मी आधी त्यांची पेटीच उचलून पाहिली.
अक्रोडाच्या लाकडाचे दोन डबे, कातडी पट्टा,
आणि किंमत अशी की तेवढ्यात माझ्या भावानं
सोळा मेंढ्या घेतल्या असत्या, वर एक कुत्रा.

"वीस मिनिटं," ती म्हणाली, "त्यापुढे कानशिलं ठणकतात.
आणि खालचे सूर फुगतात,
पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसे."

उघड्या पाठीचे घे, असं मी म्हणणार नव्हतो.
नोल्सोयच्या उतारावर, रात्री एक वाजता,
वारा जिथं माणसाची टोपी थेट नॉर्वेला नेतो,
तिथं बिळाशी पालथी पडून ती
वादळपाखरांची घुरघुर टिपते.
तिला बंद दारंच हवीत.

बोटींचे रेडिओ दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली.
असल्या नाजूक वस्तूंबाबत
केव्हाच कानाला खडा लावला होता.
तरी स्क्रू काढला. सवय.

आधी पट्टा.
मासळीच्या नोंदींच्या जुन्या वह्या एकावर एक रचल्या,
त्यांच्यावर तो ताणून चढवला, तीन रात्री.
चौथ्या दिवशी त्याचा हट्ट उतरला:
धरायचा, पण आवळायचा नाही.

गाद्या कारखान्याच्या, गुळगुळीत, सपाट;
कानाची पाळी आतल्या जाळीला घासायची.
मी नव्या शिवल्या, कोकराच्या कातड्याच्या,
मागं जाड, पुढं पातळ,
कारण जबड्यामागं प्रत्येकाला एक खळगा असतो
आणि आवाज तिथूनच पळून जातो.
चष्म्याच्या काडीपाशी थोडी मऊ भर.

मग ते पिंप. डबा उघडला
तर आत काहीच नाही. सोळा मेंढ्या देऊन
रिकामी खोली,
आणि भिंतींवर आपटून माघारी येणारा आवाज.
भावाकडून लोकर आणली, करडी, दोनदा धुतलेली,
तरी बोटांना मेंढीचा वास राहिलाच.
पिंजली. ठासून भरली.

तिनं लावून पाहिलं. बराच वेळ.
"आता पाखरू मेलंय," म्हणाली.

अर्धी लोकर काढली.
काढलेल्यातली चिमूटभर परत घातली.
हवेच्या छिद्रावर चिकटपट्टी, पट्टीला सुईनं एक भोक.
किती लोकर, ते विचारू नका.
वजनाचा काटा हललाही नव्हता.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
इंजिनखोलीनं माझ्या कानांचा वरचा मजला
कधीच पाडून नेला.
केटलीची शिट्टी मला दिसते फक्त, वाफेसारखी.
वादळपाखराच्या घुरघुरीला मध्येच एक उचकी लागते,
असं लोक म्हणतात. असेल.
मी जुळवतो ते डब्याच्या पाठीवर नख टेकवून
आणि समोरच्या चेहऱ्याकडे बघून.

तिनं टेप लावली. आधी खांदे खाली आले.
मग मान किंचित डावीकडे,
मागून कुणी नाव घ्यावं तशी.
"दोन आहेत."
"काय दोन?"
"बिळात. इतकी वर्षं मी एकच लिहीत आले."
वही ओढली, खोडलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा खोडलं.
खिडकीत बंदराचे दिवे लागले.
कानशिलांचं तिनं नावही काढलं नाही.

निघता निघता तिनं ते माझ्या डोक्यावर चढवले.
"ऐक. एक इथं, आणि दुसरं, बघ, त्याच्या मागं."
मी ऐकलं.
खाली एक लांबलचक उबदार घरघर,
धक्क्याला लागलेल्या बोटीसारखी.
वर काही नाही.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती,
मी इतरांच्या बघतो तसं.

"दोन," मी म्हणालो.

हे मात्र खरं,
की काढून द्यावेसे वाटेनात.